कॉनराड फाइटचे मूकपट घरी पाहायचे तर कोणत्या डिस्क घ्याव्यात

'कासाब्लांका'तला नाझी मेजर श्ट्रासर किंवा 'द थीफ ऑफ बगदाद'मधला दुष्ट वजीर जाफर, एवढ्यावर कॉनराड फाइटची ओळख थांबते आणि ते त्याच्यावर फार अन्यायकारक आहे. १९१६-१७च्या सुमारास तो चित्रपटांत आला, बोलपट येईपर्यंत जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या नटांपैकी एक झाला, आणि त्याचं जे काम खरोखर अजोड आहे ते याच बारा-तेरा वर्षांतलं आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत या मूकपटांच्या दुरुस्त केलेल्या प्रती ब्लू-रेवर आल्या. त्यातल्या काही अप्रतिम आहेत, काही फक्त बऱ्या आहेत, आणि काही चुकीच्या यंत्रावर लावल्या तर चालणारच नाहीत.

आधी निष्कर्ष सांगतो. एकच डिस्क घ्यायची असेल तर 'दास काबिनेट देस डॉक्टर कालिगारी'ची युरेका कंपनीच्या 'मास्टर्स ऑफ सिनेमा' मालिकेतली ४के यूएचडी आवृत्ती घ्या. दुसरी घ्यायची तर फ्लिकर अ‍ॅलीची 'द मॅन हू लाफ्स'. तिसरी युरेकाची 'ओरलाक्स हेंडं'. बाकी सगळं त्यानंतर. हा क्रम चित्रपटांच्या थोरवीचा नाही. फाइटचा अभिनय कोणत्या प्रतीत किती शाबूत पोहोचतो, त्यावरून तो लावला आहे.

फाइटचा जन्म २२ जानेवारी १८९३चा, बर्लिनचा. नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या डॉइचेस थिएटरमध्ये तो तयार झाला. पहिल्या महायुद्धात पूर्व आघाडीवर आजारी पडला आणि पुन्हा रंगभूमीकडे वळला. राइनहार्टच्या रंगमंचावर प्रकाशाचा एकच झोत आणि त्यात थांबलेलं शरीर याला फार महत्त्व होतं. फाइटच्या पडद्यावरच्या कामाचा पायाही तोच आहे. तो चेहरा वेडावाकडा करत नाही. तो हळू हलतो. खांदा, मनगट, बोटं, पापण्या एकामागून एक हलतात, आणि प्रत्येक हालचालीला सुरुवात, मध्य, शेवट असतो. म्हणूनच त्याचा मूकपट चुकीच्या गतीने चालवला की अभिनयच उद्ध्वस्त होतो.

हे गतीचं प्रकरण नीट समजून घेतल्याशिवाय डिस्क विकत घेऊ नये. त्या काळचे जर्मन मूकपट साधारणपणे सेकंदाला १६ ते २२ फ्रेमच्या दरम्यान चित्रित होत. बोलपटाबरोबर २४ फ्रेमचा दर पक्का झाला. १८ फ्रेमने घेतलेलं दृश्य २४ने चालवलं की चार सेकंदांची हालचाल तीन सेकंदांत उरकते. जुन्या चित्रपटातली माणसं तुरुतुरु धावतात हा समज यातूनच पसरला. ब्लू-रेला १८ किंवा २० असा दर माहीत नाही. त्यामुळे चांगली कंपनी २४च्या प्रवाहात काही फ्रेम दोनदा घालते. दर १८ असेल तर प्रत्येक तीन फ्रेमनंतर एक जास्तीची, २० असेल तर प्रत्येक पाचानंतर एक. नीट पाहिलं तर आडव्या हालचालीत किंचित अडखळ दिसते. ती डिस्कमधली खोट नाही. हालचालीचा वेग खरा ठेवायचा तर एवढं चालवून घ्यावं लागतं.

हिशेब तपासायची सोपी रीत आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका मीटरमध्ये सुमारे ५२.६ फ्रेम बसतात. मूळ लांबी मीटरमध्ये माहीत असेल तर तिला ५२.६ने गुणा, दराने भागा, मग ६०ने भागा. २,००० मीटरचा चित्रपट २० फ्रेमने सुमारे ८८ मिनिटं चालतो, २४ने ७३. वेष्टनावरची मिनिटं या हिशेबापेक्षा फार कमी असतील तर एक तर चित्रपट पळवला आहे, नाहीतर कापला आहे.

आता 'कालिगारी'. चित्रपट रोबर्ट वीनंचा, पटकथा हान्स यानोविट्स आणि कार्ल मायर यांची, नेपथ्य हेर्मान वार्म, वाल्टर राइमान आणि वाल्टर र्‍योरिग यांचं. पहिला खेळ २६ फेब्रुवारी १९२० रोजी बर्लिनच्या मार्मोरहाउस चित्रपटगृहात झाला. वेर्नर क्राउस कालिगारी आणि फाइट झेझारं, म्हणजे जत्रेच्या तंबूतल्या पेटीत झोपलेला, मालक कालिगारीच्या हुकमाने उठणारा तरुण. पूर्ण चित्रपटात तो थोडाच वेळ दिसतो, तरी चित्रपट त्याचाच होऊन बसतो.

याच्या वाईट प्रती जगभर पसरल्या आहेत. प्रतीच्या प्रतीच्या प्रतीवरून केलेल्या, पांढरा भाग जळालेला, काळा भाग राखाडी, दृश्यांमधल्या लिखित मजकुराच्या पाट्या बदलून साध्या इंग्रजी अक्षरांत घातलेल्या. त्यात झेझारं म्हणजे पांढऱ्या फटफटीत चेहऱ्यावर दोन काळे डाग एवढंच उरतं. हा चित्रपट अशाच प्रतीतून पाहून 'जुनाट आणि भडक' म्हणणाऱ्यांनी फाइटचं काम पाहिलेलंच नाही.

व्हीसबाडनच्या फ्रीडरिश-विल्हेल्म-मुर्नाउ प्रतिष्ठानने केलेली दुरुस्ती २०१४च्या बर्लिन महोत्सवात दाखवली गेली. बर्लिनच्या बुंडेसआर्काइव्हमध्ये जपलेली मूळ कॅमेरा निगेटिव्ह ४केमध्ये स्कॅन केली आणि प्रयोगशाळेचं काम बोलोन्याच्या लिम्माजिने रित्रोवाता इथे झालं. निगेटिव्हमध्ये पहिला अंक नाही. तो जुन्या प्रिंटांवरून भरला आहे. म्हणून सुरुवातीचा भाग मऊ दिसतो, ओरखडेही जास्त आहेत. टीव्हीचं काही बिघडलं म्हणून सेटिंग बदलायला जाऊ नका. निगेटिव्ह सुरू झाली की फरक आपोआप कळतो: कॅनव्हासवर रंगवलेल्या सावल्यांमधले ब्रशचे फटकारे, भिंतीच्या कडा, क्राउसच्या हातमोज्यांवरच्या काळ्या रेघा, सगळं दिसतं. आणि फाइटच्या डोळ्यांभोवतीचा काळा रंग एकजीव डाग न राहता त्यामागची त्वचा, पापणीची कड, बुबुळ वेगवेगळी दिसू लागतात.

झेझारं पहिल्यांदा जागा होतो ते दृश्य ही माझ्या मते प्रत्येक प्रतीची कसोटी. कॅमेरा चेहऱ्यावर आहे. आधी नाकपुडी आणि ओठाचा कोपरा जेमतेम हलतो, मग पापण्या थरथरतात, मग डोळे उघडतात आणि उघडल्यावरही वाढतच जातात. खराब प्रतीत फक्त शेवटची पायरी दिसते. या प्रतीत सगळ्या दिसतात. दुसरी कसोटी म्हणजे तो रात्री भिंतीला अंग घासत नायिका येनच्या खोलीकडे जातो ते दृश्य. वर केलेला हात भिंतीवरून सरकतो आणि शरीर नेपथ्यातल्या तिरक्या रेषेला समांतर होत जातं. गती बरोबर असेल तर ही चाल पाहताना श्वास अडकतो. पळवलेल्या प्रतीत माणूस नुसता चालत गेल्यासारखा दिसतो.

रंगछटांचं काम जपून केलं आहे. मूळ काळातही हे चित्रपट नुसते काळे-पांढरे दाखवले जात नसत. प्रिंट रंगात बुडवून रात्र, दिवस, आतली जागा यांना वेगवेगळी छटा दिली जाई. इथे हिरवट, तपकिरी आणि निळसर छटा जुन्या प्रिंटांच्या पुराव्यावरून ठेवल्या आहेत. त्या गडद वाटल्या तरी टीव्हीवर रंग शून्यावर आणून पाहू नका. त्याने करडेपणाच्या पायऱ्या बिघडतात, कारण प्रत्येक छटेची उजळता वेगळी बसवलेली असते. पाट्याही मूळच्या आहेत: वेड्यावाकड्या, टोकदार जर्मन अक्षरांतल्या, नेपथ्याचाच भाग वाटणाऱ्या. खाली इंग्रजी अक्षरं हवी तर लावा, नको तर काढा. मराठी उपशीर्षकं कोणत्याही आवृत्तीत नाहीत.

लांबी सुमारे ७७ मिनिटं. फ्रायबुर्गच्या संगीत विद्यापीठाच्या चित्रपट-संगीत विभागाने केलेलं संगीत चांगलं आहे: बोचरं, काही ठिकाणी थंड, पण दृश्यावर कुरघोडी न करणारं. अमेरिकेतल्या किनो लॉर्बरच्या २०१४च्या ब्लू-रेवर त्याच्या जोडीला डीजे स्पूकीचं संगीतही आहे. ते मला पटलं नाही, कारण त्याचा ठेका स्थिर आणि फाइटची हालचाल अस्थिर, दोन्ही एकमेकांना ओढत राहतात. जर्मन भयपटाचा जन्म सांगणारा ५२ मिनिटांचा माहितीपट पूरक साहित्यात आहे. तो चित्रपटानंतर पाहावा, कारण शेवट फोडतो. युरेकाच्या डिस्कवरची डेव्हिड कॅलटची भाष्यपट्टी दुसऱ्या खेपेला ऐकण्यासारखी आहे.

मग ४केच का? ४३ इंची टीव्हीवर साध्या ब्लू-रेपेक्षा ४केचा फायदा थोडा, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यातही चित्र ४:३चं असल्याने ४३ इंची पडद्यावर प्रत्यक्ष चित्र सुमारे ३५ इंचांचं पडतं, ५५ इंचीवर ४५चं. खरं कारण वेगळं आहे, आणि भारतातल्या ग्राहकासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं.

ब्लू-रे डिस्कला प्रांताची खूण असते. अमेरिका आणि जपान 'ए'त, ब्रिटन आणि युरोप 'बी'त, आणि भारत 'सी'त. किनो आणि क्रायटेरियन या अमेरिकी कंपन्यांच्या डिस्क साधारणपणे 'ए'ला बांधलेल्या, ब्रिटनच्या युरेकाच्या 'बी'ला. म्हणजे पुण्यात किंवा नागपुरात अधिकृत दुकानातून घेतलेल्या साध्या प्लेअरवर या दोन्ही चालणार नाहीत. पडद्यावर प्रांताची सूचना येते आणि काम संपतं. ४के यूएचडी डिस्कला मात्र प्रांताचं बंधनच नाही. भारतात घेतलेल्या ४के प्लेअरवर ब्रिटनमधली यूएचडी डिस्क बिनदिक्कत चालते. संचात जोडीला साधी ब्लू-रे असेल तर तिची खूण वेगळी बघावी लागते, कारण एकाच डबीत एक बंधनमुक्त आणि एक बांधलेली असं होऊ शकतं. फ्लिकर अ‍ॅलीच्या डिस्क बहुधा सर्व प्रांतांत चालतात, तरी वेष्टनाच्या मागचं चिन्ह पाहूनच पैसे द्या.

'मल्टी-रीजन' म्हणून विकले जाणारे प्लेअर घेताना एक प्रश्न नक्की विचारा: हे फक्त डीव्हीडीपुरतं की ब्लू-रेसाठीही? रिमोटवरून आकड्यांचा क्रम दाबून उघडणारं कुलूप बऱ्याचदा फक्त डीव्हीडीचं असतं. ब्लू-रेसाठी आत वेगळा बदल केलेला लागतो. संगणकाच्या ड्राइव्हवर पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की डीव्हीडीचा प्रांत पाच वेळाच बदलता येतो, त्यानंतर शेवटचा निवडलेला कायमचा राहतो.

'द मॅन हू लाफ्स' हा अमेरिकी चित्रपट, युनिव्हर्सलचा, १९२८चा. पण दिग्दर्शक पाउल लेनी जर्मन आणि नायक फाइट, त्यामुळे त्याचं रक्त बर्लिनचंच आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून घेतलेली कथा: लहानपणी तोंड कापून कायमचं हसरं केलेला ग्विनप्लेन, आंधळी डेआ, आणि राजदरबाराने मांडलेला खेळ. मेरी फिलबिन डेआ झाली आहे. सुरुवातीला ग्विनप्लेनचा बापही फाइटनेच केला आहे. मुखवटा न चढवलेला त्याचा चेहरा या चित्रपटात तिथेच दिसतो, म्हणून ती पहिली मिनिटं घाईत घालवू नका.

रंगभूषा जॅक पिअर्सची, पुढे 'फ्रँकेन्स्टाइन'च्या राक्षसाचा चेहरा घडवणाऱ्या माणसाची. खोट्या दातांच्या कवळीला धातूचे आकडे होते, ते ओठांचे कोपरे मागे खेचून धरत. ती लावली की फाइटला बोलता येत नसे. म्हणजे नाकाखालचा चेहरा पूर्ण बांधलेला. राहिले डोळे, भुवया, मान आणि हात. एवढ्याच साधनांवर त्याने लाज, प्रेम, अपमान, संताप असं सगळं पेललं आहे. तो रुमालाने, बाहीने, दुसऱ्याच्या खांद्याने तोंड झाकत राहतो, आणि झाकलेल्या अवस्थेत डोळे जे सांगतात त्याच्या अगदी उलट हसणारं तोंड ते हटवल्यावर दिसतं. 'बॅटमॅन'मधल्या जोकरचा चेहरा ग्विनप्लेनच्या छायाचित्रांवरून सुचला. त्यामुळे जोकरमुळे या चित्रपटापर्यंत पोहोचणारे तरुण प्रेक्षक बरेच असतात. त्यांना आधीच सांगून ठेवावं की हा खलनायक नाही. सगळ्या चित्रपटात त्याच्याएवढा सौम्य माणूस दुसरा नाही.

फ्लिकर अ‍ॅलीने २०१९मध्ये युनिव्हर्सलच्या ४के दुरुस्तीवरून ही डिस्क काढली. लांबी सुमारे ११० मिनिटं. प्रतिमेतला कण, म्हणजे फिल्मचा दाणेदार पोत, जिवंत ठेवला आहे, घासून गुळगुळीत केलेला नाही. ओल्या डोळ्यांतली चमक त्यामुळेच टिकते. कण काढणारी सफाई पहिल्यांदा अशा बारीक चकाकीवरच घाला घालते. गतीचा प्रश्न इथे उद्भवतच नाही, कारण १९२८मध्येच मूव्हीटोन ध्वनिपट्टी जोडून हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि ध्वनिपट्टीला २४चा दर सक्तीचा असतो.

त्याच ध्वनिपट्टीपाशी निवड करावी लागते. डिस्कवर दोन संगीतं आहेत: १९२८ची मूळ मूव्हीटोन पट्टी आणि बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदाचं नवं संगीत. मूळ पट्टीत गर्दीचे आवाज, आरोळ्या आणि एक प्रेमगीत आहे. आवाज दबलेला, खरखरीत, वरच्या पट्टीत चिरका. पहिल्यांदा पाहताना नवं संगीत लावा, दृश्याची बारीक हालचाल त्यात मोकळी राहते. नंतर मूळ पट्टी लावून जत्रेची आणि उमरावांच्या सभेची दृश्यं पुन्हा पाहा. मूकपट संपत आल्याच्या वर्षात स्टुडिओला ध्वनीचं काय करावं हे नेमकं ठरलेलं नव्हतं, ते त्या पट्टीतून कानाला कळतं. एक तक्रार आहे. शेवटचा पाठलाग लांबतो आणि हॉलिवूडी उरकण्याची छाप त्याच्यावर बसते. ते मूळ चित्रपटाचंच आहे, दुरुस्तीने त्यात काही करता येणार नव्हतं.

'ओरलाक्स हेंडं' (१९२४) पुन्हा रोबर्ट वीनंचा, पण व्हिएन्नात तयार झालेला. पियानोवादक ओरलाकचे हात रेल्वे अपघातात जातात, शल्यचिकित्सक त्याला फाशी दिलेल्या खुन्याचे हात जोडतो. पुढची सव्वा तासाहून जास्त वेळ चाललेली कथा म्हणजे फाइटचे दोन हात. ते शरीरापासून लांब धरलेले असतात, त्याच्याच मागे लागल्यासारखे पुढे जातात, मनगटावरच्या शिरा ताठ. हे काम अति वाटणाऱ्यांचं म्हणणं मला समजतं, कारण चित्रपटाची चाल फार संथ आहे आणि मधल्या भागात एकच भाव लांबवला जातो. तरी रात्रीच्या अपघाताचं दृश्य, दिव्यांच्या उजेडात ढिगाऱ्यातून चाललेला शोध, हे त्या दशकातल्या उत्तम चित्रीकरणात मोडतं.

युरेकाची २०२१ची डिस्क 'बी' प्रांताची आहे. मुख्य चित्रपट फिल्मआर्काइव्ह ऑस्ट्रियाच्या दुरुस्तीतला. जोडीला मुर्नाउ प्रतिष्ठानची दुसरी आवृत्ती साध्या दर्जात दिली आहे आणि ती टाकाऊ समजू नका. त्या काळी एक निगेटिव्ह देशात वापरायची आणि दुसरी परदेशी विक्रीसाठी, म्हणून शेजारी दुसरा कॅमेरा ठेवत किंवा तेच दृश्य पुन्हा घेत. त्यामुळे दोन आवृत्त्यांत काही ठिकाणी वेगळे टेक आहेत. फाइटने तोच हात दुसऱ्या खेपेला किती वेगळा उचलला, हे शेजारी ठेवून पाहण्याची संधी मूकपटांत क्वचित मिळते. अभिनय शिकवणाऱ्यांसाठी एवढ्या एका गोष्टीसाठीही ही डिस्क घेण्यासारखी आहे.

लेनीच्याच 'दास वाक्सफिगुरेनकाबिनेट'मध्ये (१९२४) तिघे दिग्गज एकत्र येतात: एमिल यानिंग्स खलिफा हारून अल रशीद, फाइट झार इव्हान, क्राउस जॅक द रिपर. मूळ निगेटिव्ह आगीत गेली आणि जर्मन प्रतही राहिली नाही. म्हणून बोलोन्याच्या चिनेतेका आणि बर्लिनच्या डॉइचे किनेमाटेकने केलेली दुरुस्ती मुख्यतः इंग्रजी प्रतीवर उभी आहे. पाट्या त्यामुळे इंग्रजीत आहेत, आणि प्रतिमा 'कालिगारी'च्या निगेटिव्हइतकी खोल जात नाही. पण इव्हानचा भाग पाहाच. विष दिलेल्याचं नाव वाळूच्या घड्याळावर लिहिलेलं, वाळू संपली की माणूस संपला. शेवटी आपलंच नाव वाचलेला झार ते घड्याळ पुन्हा पुन्हा उलटवत बसतो, आणि फाइटने ती भीती डोळ्यांत नव्हे, बोटांच्या घाईत ठेवली आहे. यानिंग्सचा भाग लांबलेला आहे, क्राउसचा अर्धवट.

'आंडर्स आल्स दी आंडर्न' (१९१९) वेगळ्या कारणासाठी घ्यायचा. दिग्दर्शक रिशार्ड ओस्वाल्ड, लेखनात आणि पडद्यावरही लैंगिकशास्त्रज्ञ माग्नुस हिर्शफेल्ड. पुरुषांमधलं प्रेम गुन्हा ठरवणाऱ्या जर्मन दंडसंहितेतल्या कलम १७५विरुद्ध हा चित्रपट उघड बोलला. फाइट व्हायोलिनवादक पाउल क्योर्नर, राइनहोल्ड श्युन्झेल त्याला लुबाडणारा. १९२०मध्ये सार्वजनिक प्रदर्शनावर बंदी आली. हिर्शफेल्डने १९२७च्या आपल्या 'गेझेत्सं देर लीबं' या चित्रपटात त्याचा भाग पुन्हा वापरला होता, म्हणून आज निदान तेवढा तरी हाती आहे. म्युनिक चित्रपट संग्रहालयाने जोडलेली सुमारे ५० मिनिटांची आवृत्ती 'एडिशन फिल्ममुझेउम'च्या डीव्हीडीवर मिळते. हरवलेल्या जागी छायाचित्रं आणि समजावणाऱ्या पाट्या आहेत. तो सलग चित्रपट म्हणून पाहायला बसलात तर निराश व्हाल. अवशेष म्हणून पाहिलात तर पंचविशीतल्या फाइटचं धैर्य आणि संयम दोन्ही दिसतात. ही डीव्हीडी पाल या टीव्ही पद्धतीची आणि प्रांतमुक्त आहे, भारतात कुठेही चालते. याच मालिकेत दिग्दर्शक मुर्नाउचा उपलब्ध असलेला सर्वात जुना चित्रपट 'देर गांग इन दी नाख्त'ही आहे. त्यात फाइट आंधळा चित्रकार आहे. भूमिका छोटी, पण त्याची स्थिर उभी आकृती पुढच्या मुर्नाउची चाहूल देते.

'दास इंडिशे ग्राबमाल' (१९२१) आपल्याकडच्या वाचकांना नावामुळे खुणावेल. योए मायचा हा दोन भागांचा, साडेतीन तासांहून लांब चित्रपट बर्लिनजवळच्या वोल्टर्सडोर्फला उभारलेल्या भव्य नेपथ्यात घेतला. यातला हिंदुस्तान शोधू नका, तो तिथे नाही. योगी, वाघ, कुष्ठरोगी आणि समाधी अशा युरोपी कल्पनांचा तो साठा आहे. फाइट महाराजा आयान झाला आहे आणि रत्नजडित कपड्यांच्या ओझ्याखालीही त्याने मत्सराने पोखरलेला माणूस उभा केला आहे. पटकथा फ्रित्स लांग आणि थेआ फोन हार्बू यांची. याच हार्बूबाईंनी पुढे बेळगावकडच्या आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशी लग्न केलं. किनोची ब्लू-रे 'ए' प्रांताची आहे. चित्र चांगलं, पण एका बैठकीत पाहू नका. पहिला भाग एका संध्याकाळी, दुसरा दुसऱ्या.

पाउल फेयोशचा 'द लास्ट परफॉर्मन्स' (१९२९) स्वतंत्र शोधत बसू नका. क्रायटेरियनच्या 'लोनसम'च्या डिस्कवर तो पूरक म्हणून आहे, तासाभराचा. जादूगाराच्या भूमिकेतला फाइट हॉलिवूडमधल्या मूकपटांचा निरोप घेताना दिसतो. त्यानंतर तो जर्मनीला परतला, बोलपट केले, १९३३मध्ये ज्यू पत्नी लिलीसह देश सोडला, ब्रिटनमध्ये आणि पुढे हॉलिवूडमध्ये काम केलं. ३ एप्रिल १९४३ रोजी लॉस एंजलिसमध्ये गोल्फ खेळताना हृदयविकाराने गेला.

डिस्क आल्यावर टीव्ही आणि प्लेअरचं पुढचं काम करून घ्या, नाहीतर वरची सगळी मेहनत वाया जाईल. हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण बंद करा. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, मोशन, स्मूथ, फ्लो असं काहीतरी. दोनदा घातलेल्या फ्रेममध्ये ती नव्या फ्रेम रचते आणि हाताभोवती धूसर झालर उमटते. फाइटच्या बोटांवर ती लगेच दिसते. नॉइज रिडक्शन शून्यावर, शार्पनेस शून्यावर किंवा कंपनीने सांगितलेल्या तटस्थ जागी. 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' मोड निवडला की यातलं बरंचसं एकदम होतं. प्लेअरमध्ये २४पी आउटपुट, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम तशाच पाठवण्याची सोय, 'ऑटो' ठेवा. ते बंद असेल तर ६०च्या दरात बसवताना आणखी एक अडखळ भर घालते आणि दोष डिस्कच्या माथी जातो.

चित्राचा आकार कधीही ताणू नका. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. 'फिट', 'जस्ट स्कॅन' किंवा '१:१' असा पर्याय निवडा, नाहीतर ओव्हरस्कॅनमध्ये कडा कापल्या जातात, आणि 'कालिगारी'त तर कडेच्या तिरक्या रेषांवरच रचना तोललेली आहे. टीव्हीचे साधे स्पीकर असतील तर पाच वाहिन्यांच्या ध्वनीऐवजी दोन वाहिन्यांची पट्टी निवडा. पाचाचे दोन करताना मंद वाद्यं दबतात.

परदेशातून मागवताना डबीचे कोपरे मोडणं ही नेहमीची गोष्ट. डिस्कला धक्का नसेल तर रिकामी डबी बदलून घ्या. पण मधल्या बेचक्यातून सुटून पार्सलभर फिरलेली डिस्क उजेडात तिरकी धरून तपासा, आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी सगळी प्रकरणं एकदा पळवून पाहा. दोन थरांच्या डिस्कमध्ये बिघाड बऱ्याचदा चित्रपटाच्या मध्यावर, थर बदलताना उघड होतो. सुरुवातीची दहा मिनिटं नीट चालली म्हणून निश्चिंत होऊ नका.

फिल्म सोसायटीत दाखवायचं असेल तर एवढं ध्यानात असू द्या की चित्रपट शंभर वर्षांचा असला तरी नवी दुरुस्ती, तिचं संगीत आणि उपशीर्षकं यांचे हक्क आजचे आहेत. घरच्या डिस्कवर 'फक्त खाजगी वापरासाठी' लिहिलेलं असतं ते याचसाठी. मुर्नाउ प्रतिष्ठानच्या चित्रपटांसाठी म्युनिकच्या ट्रान्सिट फिल्मकडे प्रदर्शनाची परवानगी मागावी लागते. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांनी आधी मॅक्स म्युलर भवनात विचारावं. मोठ्या पडद्यावर कोणती प्रत मिळणार, ब्लू-रे की चित्रपटगृहाची डीसीपी फाइल, हे तारीख जाहीर करण्यापूर्वी लेखी ठरवून घ्या. डीसीपी मिळाली तर त्यातला फ्रेमचा दर आपल्या सभागृहाच्या सर्व्हरला चालतो का, हे आदल्या दिवशी दहा मिनिटं चालवून पाहा.